दुसरी सही

"हे खोटं आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "वाच."

कार्डावर 'सॉरी' हा शब्द होता. त्याखाली शब्दकोश कार्यालयातल्या नव्या संपादकाचं टिपण: 'सॉरो' म्हणजे दुःख, त्यावरून 'सॉरी'.

"बरोबर तर वाटतंय."

"वाटतंय! तोंडावळा सारखा म्हणून काय सख्खी भावंडं झाली? हा 'सोअर'च्या घरातला. सोअर म्हणजे दुखरं, ठसठसणारं. सॉरी म्हणजे आधी ज्याचं दुखतंय तो. माफीबिफी फार नंतरची. सॉरो नुसता शेजारी. राहून राहून एकमेकांचा गुण लागला, इतकंच."

कार्यालयात प्रत्येक कार्डावर दोन सह्या लागत. पहिली लिहिणाऱ्याची, दुसरी शंका घेणाऱ्याची. दुसरी सही चौतीस वर्षं बाबांची होती. निवृत्त झाल्यावरही कार्डं घरी येत राहिली. तिथे त्यांना शंकासुर म्हणत आणि ते ऐकून ते खूश होत. घरात मात्र त्या सहीचा जाच होता. लहानपणी माझा ताप ते दोनदा मोजत, दुसऱ्यांदा थर्मामीटर बदलून.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"हात का चोळताय?"

"मुंग्या आल्यात."

"आणि हा घाम?"

"पंखा म्हातारा झालाय. माझ्यासारखा."

"डॉक्टरांना बोलावू का?"

"शंकासुराच्या पोटी शंकासुरीण! काही झालेलं नाही मला. त्यापेक्षा वाचनालयात जा, जुन्या इंग्रजीच्या कोशाचा चौथा खंड आण. पुराव्याशिवाय मी सही करणार नाही."

"आत्ता?"

"आत्ता. पण घाई नको. सावकाश ये."

सावकाश ये, असं बाबा कधी कुणाला म्हणाले नव्हते. चपला घालताना मी मुद्दाम वेळ काढला. ते कार्डावर वाकून बसले होते, पण वाचत नव्हते. मी दार ओढून घेतलं.

खंड घेऊन परतले, तेव्हा ते खुर्चीतच होते. हाक मारून उपयोग नव्हता, हे दारातूनच कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही त्रास जाणवत होता?" मी म्हणाले, "नाही." भावानं फोनवर विचारलं, काकूनं जवळ घेऊन विचारलं. तिसऱ्यांदा 'नाही' म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी उरलेली कार्डं परत करायला मी कार्यालयात गेले. टंकलेखिका मावशी मला मी फ्रॉकात असल्यापासून ओळखत होत्या. त्यांनी कार्डं चाळली आणि 'सॉरी'पाशी थांबल्या.

"हे अजून त्यांच्याकडेच होतं? अगं, याचा निकाल त्यांनी कधीच लावला होता."

त्यांनी खोक्यातून पक्कं कार्ड काढलं. बाबांचं मुंगीसारखं अक्षर. 'सोअर'पासून, सॉरोशी संबंध नाही. आधार: चौथा खंड, पान क्रमांकासकट. खाली सही. तारीख त्या दुपारच्या आठ दिवस आधीची.

मी तारीख पुन्हा वाचली.

"मग तुला उन्हात कशाला पिटाळलं त्यांनी?" असं म्हणता म्हणता मावशींनी पुन्हा तारखेकडे पाहिलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "समजलं असणार गं त्यांना. तुझ्या डोळ्यांदेखत नको, म्हणून धाडलं. बापाचं काळीज ते."

उत्तर चांगलं होतं. फारच चांगलं, आणि त्याला आधार काहीच नव्हता. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक गोष्ट पारखून घेतली, त्यानं त्या दुपारी मला पारखून पाहिलं असेल तर? ही जाते की थांबते, एवढंच बघायचं असेल तर? हे सांगू शकणारा एकच माणूस होता.

माझी नजर कार्डावरून हलेना, त्याचा मावशींनी निराळा अर्थ लावला.

"मनाला लावून घेऊ नकोस. तुला बिचारीला काय कल्पना!"

शेजारच्या टेबलावरची मंडळी टाइप करायचं थांबवून ऐकत होती.

"होती," मी म्हणाले.

"काय?"

"कल्पना होती, मावशी. त्यांना बरं नव्हतं, ते मला दिसत होतं. खोटं बोलताहेत, तेही कळत होतं. वाटलं, एकदा तरी 'थांब' म्हणतील. ते म्हणाले नाहीत, आणि मी गेले."