कोशिंबिरीतलं कूट

मी भिकाजी, वाईजवळचा. ओमानमधल्या सलालाहच्या नारळबागा संपतात तिथे एक लहानशी निवासी शाळा आहे, तिथला मी आचारी. मुलगे-मुली मिळून ब्याऐंशी पोरं. आईबाप कुणाचे तेलकंपनीत, कुणाचे बंदरावर. मी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हटलं, ही शाळा काही चालायची नाही. काय तर म्हणे पोरं आपले संडास आपण धुतात, मोठी धाकट्यांना गणित शिकवतात, आणि प्रिन्सिपल उत्तरा मॅडम, चांगल्या पुण्याच्या शिकलेल्या बाई, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः विसळतात! मी ते हातातून ओढून घ्यायला गेलो, तर मलाच म्हणाल्या, "भिकाजी, ताट माझं आहे ना?" आता बोला.

त्याहून मोठं खूळ म्हणजे गुरुवारची बैठक. सगळी शाळा जेवणघरात जमिनीवर बसायची. ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्याने उभं राहून सांगायचं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याने भरपाई ठरवायची. मॅडमनी नाही, मास्तरांनी नाही. एकदा नववीतल्या पोराने दुसरीच्या मुलीचं चित्र फाडलं, तर तिने त्याला आठवडाभर रोज एक मांजर काढायला लावलं. हा ताडमाड पोरगा तिच्यासमोर मांडी घालून मांजरं काढतोय, आणि ती त्याला मिशा दुरुस्त करायला लावतेय! मी दारातून हसत होतो, पण खरं सांगतो, आतून फार बरं वाटत होतं. आमच्या मास्तरांनी त्याला छडीने फोडला असता आणि चित्र फाटलेलंच राहिलं असतं.

पण हे सगळं पोरांपुरतं, असं मी धरून चाललो होतो. आधी नऊ वर्षं मी ओमानातच सहमला मजुरांच्या एका कॅम्पच्या मेसमध्ये होतो. तिथे एकाने पाण्याची मोटर आपल्या हातून जळली म्हणून कबूल केलं. अर्बाब, म्हणजे तिथला मालक, म्हणाला, "खलास!" तिसऱ्या दिवशी गडी विमानात. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता की चूक झाली तर तोंड उघडायचं नाही.

२०१५ साली निशांत सहावीत आला. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. एक दाणा पोटात गेला तरी घसा सुजून श्वास अडकायचा. मॅडमनी यादी छापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. शेंगदाणे गेले, दाण्याचं तेल गेलं, चटणी गेली. आता आमच्याकडचा माणूस कुटाशिवाय जेवणार कसा? गावाहून येणाऱ्या एकाबरोबर घरच्यांनी मला डबाभर कूट पाठवलं होतं. ते खोलीत ठेवायचं सोडून मी मसाल्यांच्या मागे ठेवलं, माझ्या एकट्याच्या भाजीत घालायला. रोज म्हणायचो, उद्या हलवतो.

त्या बुधवारी काकडीची कोशिंबीर होती. दही पातळ निघालं, वेळ झालेली, पोरं दारात. माझा हात आपसूक मागे गेला आणि कूट पडलं. चाळीस वर्षांची सवय हो, हात काय डोक्याला विचारून चालतो? मला कळलंसुद्धा नाही. पोरांनी बोटं चाटत मागून मागून खाल्ली, आणि मी आपला फुशारकीत.

इतक्यात रेवा किंचाळली. ही आठवीतली, निशांतच्या शेजारी बसलेली. निशांतचं तोंड लालबुंद, ओठ सुजलेले, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शाळेच्या नर्स रईसा सिस्टर धावत आल्या, त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि त्याला गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. मी त्याच्या ताटाकडे बघितलं. कोशिंबीर अर्धी संपली होती. तेव्हा कुठे मला मसाल्यांच्या मागे गेलेला माझा हात आठवला.

संध्याकाळी फोन आला की पोर वाचलं, उद्या दुपारी परत येईल. मी ओट्याला धरून ढसाढसा रडलो. आणि मग काय केलं माहितेय? कुटाचा डबा कचऱ्यात पुरला आणि कोशिंबिरीचं पातेलं घासून पालथं घातलं. असा मी शूर! माझी लेक किशोरी कराडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. माझी नोकरी गेली की तिचं शिक्षण बंद, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात रेवाच्या कपाटात शेंगदाण्याची चिक्की सापडली. मावशीने पुण्याहून पाठवलेली, पाकीट फोडलेलं. झालं! निशांतच्या शेजारी बसणारी तीच, मग दुसरं कोण असणार? तिच्या वडिलांनी फोनवर सांगून टाकलं, "शनिवारी येतोय, सामान बांधून ठेव. आता आजीकडे राहून शिकायचं." पहिलं अख्खं वर्ष कुणाशी न बोललेली पोरगी ही. आता धाकट्यांना पोहायला शिकवत होती, माझ्या पोळ्यांना नावं ठेवत होती. शाळा सोडायची म्हटल्यावर ती जेवलीच नाही. मी तिचं ताट झाकून ठेवलं आणि गप्प बसलो.

गुरुवारची बैठक भरली. निशांत येऊन बसला होता, डोळे अजून सुजलेले. रेवा उभी राहिली. तिचं मराठी अडखळतच चालतं.

"मी चिक्की लपवली. रूल तोडला. निशांतला मी दिली नाही, प्रॉमिस. पण... मी लंचच्या आधी एक खाल्ली होती. माझ्या हाताला लागली असेल. मग ते माझ्यामुळेच झालं. सॉरी, निशांत."

अरे देवा! न केलेलं पाप ती एवढीशी पोर स्वतःवर ओढून घेत होती, आणि केलेला मी दारात फडकं पिळत उभा. माझीच मला इतकी किळस आली की काय सांगू.

"खाली बस गं," मी ओरडलोच. "तिचा काही संबंध नाही. कोशिंबिरीत कूट मी घातलं. डबाही मीच कचऱ्यात पुरला. मॅडम, माझं तिकीट काढा, मी जातो."

ब्याऐंशी माना माझ्याकडे वळल्या. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"भिकाजी, हे तुम्ही काल सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मला कानफटात बसल्यासारखं झालं. "रेवा, बैठक संपली की तुझ्या बाबांना मी स्वतः फोन करते. तू कुठेही जायचं नाहीस." मग त्या परत माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचं मी ठरवणार नाही. इथे नियम सगळ्यांना एकच आहे. निशांत?"

अकरा वर्षांचं पोर. त्याच्या हातात माझी नोकरी, माझ्या लेकीचं शिक्षण, सगळं. ते उठून उभं राहिलं.

"काकांनी जायचं नाही," तो म्हणाला. कुणीतरी टाळी वाजवली, तर त्याने हात वर करून थांबवलं. "वेट. पनिशमेंट आहे. लिस्ट वॉलवर आहे, पण काका वॉलकडे बघत नाहीत. काकांनी रोज माझ्या बाजूला बसून जेवायचं. मला बघितलं की त्यांना आठवेल."

अकरा वर्षांचं पोर हो!

बावीस वर्षं मी या मुलखात सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्या-उभ्याच जेवलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा टेबलाशी बसलो, निशांतच्या उजव्या हाताला. समोरून रेवाने माझ्या ताटात भात वाढला. वाटलं होतं, निशांत आता ताटाला हात लावायलाही घाबरेल.

"काका, यात काय काय आहे?" त्याने विचारलं.

मी एकेक जिन्नस सांगितला. तूरडाळ, हळद, जिरं, गूळ, नारळ. "आणि दुसरं काही नाही?" "नाही रे बाळा, आईशप्पत नाही." त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं, भात कालवला आणि घास तोंडात घातला. मग मीही माझा पहिला घास उचलला.