सातव्या होलचा खड्डा

"सातव्या होलवरचा वाळूचा खड्डा उथळ कर," साहेब करवादले. "बॉल एकदा आत गेला की बाहेर येतच नाही. लोक वैतागून गेम बंद करतात."

हुबेहूब खऱ्यासारखं मैदान यांनाच हवं होतं. म्हणून शहराबाहेरचं गोल्फचं मैदान मी जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवलं. आमच्या वस्तीवर बुलडोझर फिरवून बनवलेलं मैदान, पण तेवढं कोण विचारतंय! फक्त हा एक खड्डा मी मुद्दाम खोल केला होता.

घरी आईला स्क्रीन दाखवली. उतार बघूनच तिने जागा ओळखली.

"आपलं घर इथेच होतं ना रे?"

"हो. साहेब म्हणतात, उथळ कर."

"उथळ म्हणे!" आई फणकारली. "आणखी खोल कर."