लाल पट्ट्यापलीकडे

अंबादासने तीस वर्षं बायांना लेबर रूमच्या दारापर्यंत नेलं, पण ते दार काही कधी ओलांडलं नाही. मुलुंडच्या त्या प्रसूतिगृहात तो वॉर्डबॉय होता आणि लेबर रूमच्या अलीकडे फरशीवर चार बोटं रुंद लाल पट्टा होता. स्ट्रेचर ढकलत पट्ट्यापर्यंत आणायचं, "घ्या" म्हणायचं, आणि आतल्या आयाबाईने पुढचं टोक धरून ते ओढून न्यायचं, असा तिथला रिवाज. डॉक्टर पुरुष असला तर चालायचा. वायरमन, रंगारी, एकदा तर उंदीर मारायला आलेले दोघेजण, सगळे आत जाऊन आले. वॉर्डबॉय मात्र नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याचा एक पाय पट्ट्यापलीकडे पडला, तेव्हा मॅट्रनने भर व्हरांड्यात झापलं होतं, "हा पाय परत इथे दिसला तर प्लॅस्टरमध्ये घालीन." पुढे मॅट्रन रिटायर झाली, वारलीसुद्धा. अंबादासचा पाय तो पट्टा विसरला नाही.

आता त्याला अडुसष्ट पूर्ण झाली होती. प्रसूतिगृह बंद पडून सात वर्षं झाली होती आणि दर्शनी भिंतीवर 'अतिधोकादायक इमारत' अशी पाटी लागली होती. दिवाळीनंतर पाडणार होते. म्हणून त्याची मुलगी प्रियंका त्याला घाटकोपरहून रिक्षात घालून घेऊन आली होती.

प्रियंका बंद पडलेल्या जागांचे फोटो काढायची. पोटापाण्याला तिची बँकेतली नोकरी होती, पण रविवार या कामाचा. अंधेरीतली एक शाळा, देवनारचा एक दवाखाना, असं करत तिने बरंच काही जमवलं होतं. तिचे नियम दोन. फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही, आणि फोटोखाली त्या खोलीत राबलेल्या माणसांची नावं लिहायची. अंबादासला आधी हे खूळच वाटलं. रिकाम्या खोलीचा फोटो बघायला कोण बसलंय? मग एकदा त्याने देवनारच्या दवाखान्याच्या फोटोखालची नऊ नावं ओळीने वाचली आणि त्यानंतर त्याने तिच्या कामाला खूळ म्हटलं नाही.

फाटकावर धाकू नावाचा वॉचमन होता. त्याने अंबादासच्या पिकल्या केसांकडे बघून कुलूप काढलं. "अर्धो तास हा, बाबानू. वरच्या माळ्यार जाव नकात, जिनो खचलो हा."

आत सकाळचं ऊन तिरपं पसरलं होतं आणि चुन्याची धूळ त्यात सावकाश फिरत होती. खाली बसायची त्या धुळीला घाई नव्हती. अंबादास भिंतीला हात लावत चालला आणि चालता चालता त्याला फिनेलचा वास यायला लागला. सात वर्षांत इथे फिनेलचा थेंब पडला नव्हता, हे त्याला कळत होतं, तरी वास येतच होता. केसपेपरच्या खिडकीपाशी तो थांबला. "नीलम मॅडम," तो म्हणाला. "पेन्सिल केसात खोचायच्या आणि सगळ्यांच्या टेबलावर शोधायच्या." प्रियंकाने फोटो काढला, नाव लिहून घेतलं. स्वयंपाकघरात राजाराम सापडला. बाळंतिणींचा शिरा ढवळता ढवळता तो अर्धा स्वतःच चाखायचा. वॉर्डात, गंजक्या खाटांच्या रांगेत, कोणी कूस बदलली असं अंबादासला वाटलं आणि तो हळू आवाजात बोलायला लागला. भेटीची वेळ संपल्यावर बोलतात तसा. प्रियंकाही मग हळूच बोलायला लागली, का ते तिला कळलं नाही.

व्हरांड्याच्या टोकाला लाल पट्टा अजून होता. फिका पडला होता, पण होता. अंबादास तिथे आला आणि उभा राहिला. प्रियंका सरळ आत गेली.

"पप्पा, इथे कोण कुठे उभं राहायचं?"

"मला काय माहीत?"

"मम्मी काही बोलली असेल ना."

"तुझी मम्मी घरी आली की इथलं काही बोलायची नाही गं."

प्रियंकाची आई नंदा याच खोलीत आयाबाई होती. पट्ट्याच्या अलीकडून तो "घ्या" म्हणायचा, पलीकडून ती "आणा" म्हणायची, आणि असं तीन वर्षं म्हणता म्हणता त्यांनी लग्न केलं. पट्टा काही त्यामुळे हलला नाही. प्रियंकाच्या वेळी नंदाला ड्युटीवरच कळा सुरू झाल्या, तेव्हाही त्याने तिला इथवरच आणलं आणि जानकीबाईंनी ओढून आत नेलं. बंद दाराआडून त्याला तिचा आवाज ऐकू यायचा. आत ती दटावायची, हसायची, गुणगुणायची. घरी आली की गप्प. दमली असेल, असं तो मनाला सांगायचा. खरं सांगायचं तर त्या खोलीचा त्याला हेवा वाटायचा. आपल्या वाट्याला आली ती उरलीसुरली नंदा, आणि खरी नंदा तिकडे राहते, असं त्याला वाटायचं. बायकोच्या कामाच्या जागेवर कोणी जळतं का? अंबादास जळायचा.

दीड वर्षापूर्वी ती गेली. जाण्याआधी अकरा दिवस तापात होती आणि ते अकरा दिवस ती घरी नव्हतीच, इथे होती. "जोर लाव गं, झालं, झालं," म्हणायची. जानकीबाईंना हाक मारायची, सिस्टरला हाक मारायची. नाव-गाव नसलेल्या बायांना धीर द्यायची. तो उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलायचा. 'अहो' नाही, 'प्रियाचे पप्पा' नाही, अकरा दिवसांत त्याचं नाव एकदाही निघालं नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पण आज तो एवढ्याचसाठी आला होता. ती जिथे खरी जगली तिथे आपण कुठेच नव्हतो का, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं.

"आत या ना पप्पा," प्रियंका आतून म्हणाली. "आता कोण झापणार आहे?"

"तू काढ फोटो. मी आहे इथे."

"फोटो कसला काढू? टेबलंसुद्धा उचलून नेलीत." मग ती समोरच्या भिंतीकडे वळली. "पप्पा, इथे भिंतीवर काय हलतंय बघा."

अंबादासच्या डोळ्यांपुढे बाहेरची पाटी आली. भिंत आली खाली, एवढंच त्याच्या मनात आलं आणि तो धावला. पोरीचा दंड धरून तिला मागे ओढलं तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण आत आहोत. पायात चपला होत्या. त्याने त्या घाईघाईने काढल्या आणि हातात धरल्या.

भिंत जागेवर होती. खोली लहान होती, त्याच्या कल्पनेच्या निम्मीसुद्धा नाही, आणि अंधारी. त्या अंधारात समोरच्या भिंतीवर एक फिकट झाड उलटं लोंबत होतं. पानं खाली, बुंधा वर. झाडाजवळून एक माणूस डोकं खाली करून बादली घेऊन चालत गेला. तो धाकू होता.

"काचेला भोक आहे," प्रियंका म्हणाली. तिचा आवाज उजळला होता. "खोलीत अंधार असला आणि एवढंसं भोक असलं ना, की बाहेरचं सगळं आत येतं, उलटं होऊन. कॅमेऱ्यात हेच होतं, पप्पा."

खिडकीच्या काचांना जाड हिरवा रंग दिलेला होता, बायांच्या लाजेखातर. एका काचेवर तुरीच्या डाळीएवढा ठिपका खरवडलेला होता. प्रियंकाने मोबाइलचा उजेड धरला. "वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पांढरा. दर वेळी रंग दिला की कोणीतरी पुन्हा खरवडलंय. एकाच जागी."

अंबादास काचेपाशी गेला. भोक त्याच्या छातीएवढ्या उंचीवर होतं. जानकीबाई त्याच्याहूनही उंच होत्या. सिस्टरही चांगल्या उंच होत्या. नंदा त्याच्या खांद्याला लागायची.

तो वाकला आणि त्याने डोळा लावला.

बाहेर बदामाचं झाड होतं आणि झाडाला पार होता. या पारावर बसून त्याने तीस वर्षं डबा खाल्ला होता. इतर सगळं अंगण भोकाबाहेर राहिलं होतं, पार तेवढा बरोबर मधोमध. कारल्याची भाजी असली की तो ती गुपचूप मांजरीला घालायचा आणि डबा धुऊन न्यायचा. संध्याकाळी नंदा विचारायची, "मांजरीला आवडलं का कारलं?" राजाराम चहाड्या करतो असं समजून त्याने त्या बिचाऱ्याशी आठ दिवस अबोला धरला होता.

मग त्याला आणखी एक आठवलं. तापाच्या त्या दिवसांत नंदा दुपारची मधूनच सरकत सरकत भिंतीला टेकायची, मान वाकडी करायची आणि एक डोळा घट्ट मिटायची. उन्हाची तिरीप लागतेय, असं त्याला वाटलं होतं. दर वेळी त्याने उठून पडदा ओढून घेतला होता.

या खोलीतून त्याला हाक मारायची सोय नव्हती. बघायचीच तेवढी होती.

तो रडला. प्रियंकाने पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात व्हरांड्यातून धाकूची हाक आली, अर्धा तास कधीच झाला होता.

"पप्पा, या खोलीची नावं सांगा पटकन," ती म्हणाली. "उभं कुठे राहायचे ते राहू दे."

"जानकीबाई," अंबादास डोळे पुसत म्हणाला. "सरोज सिस्टर. नंदा." तो थांबला. चपला अजून हातातच होत्या. "आणि माझंही लिही. अंबादास. जेवणाच्या सुट्टीत मी रोज इथे असायचो."