सांध्यातलं हळकुंड

दहिवलीच्या देवळापुढच्या नव्या दगडी कमानीचं सेंट्रिंग, म्हणजे खालचं आधाराचं लाकूडकाम, त्या सकाळी काढायचं होतं. माणसं जमली साठ. त्यातली अठ्ठावन्न दहा हात लांब उभी. उरलेली दोन म्हणजे हातोडा घेतलेली भागूबाई आणि तिचा नवरा, बुधाजी गवंडी. तो बरोब्बर कमानीखाली. बांधणाऱ्यानं आधार निघताना खाली उभं राहायचं, ही त्याच्या घराण्याची रीत.

देवस्थानचे अध्यक्ष हेमचंद्र सर. हातात माइक आला की शाळा भरवतात.

"तो वरचा मधला दगड बघा. त्याला चावीचा दगड म्हणतात. सगळा भार तोच पेलतो."

"तो नाय पेलत, सर," बुधाजी म्हणाला. "भार बाजूच्या दगडांवरनं खाली उतरतो. ह्यो बसतो शेवटी, आन् दोन्हीकडच्यांना दाबून धरतो. दोनी अंगांनी घट्ट बसला तर कमान. नायतर दगडांचा ढीग."

लोक हसले. सरांच्या पत्नी उमाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

चावीचा दगड बसायच्या दिवशी गुरुजी आलेच नव्हते. दगड बिनपूजेचा राहू नये म्हणून, गवंडी जेवायला गेलेले पाहून, उमाबाई शिडी चढल्या आणि मोकळ्या खाचेतल्या ओल्या चुन्यात त्यांनी हळकुंड दाबलं. पुण्य गुपचूप केलेलं. सरांनाही पत्ता नाही. संध्याकाळी दगड त्यावरच बसला.

"मार गं," बुधाजी म्हणाला.

आधाराखालच्या लाकडी पाचरीवर भागूबाईनं पहिला ठोका घातला. बुधाजीच्या खांद्यावर चिमूटभर चुना पडला. उजव्या. हळकुंडही उजवीकडेच होतं.

दुसरा ठोका. पुन्हा चुना.

"थांब गं भागूबाई!" उमाबाई ओरडल्या. "सांध्यात हळकुंड आहे. मी घातलंय!"

सरांनी माइक बंद केला, पण उशिरा. "उमा, पाहुणे येऊन बसलेत."

"बसू देत. खाली माणूस आहे."

भागूबाईनं पाचर परत घट्ट ठोकली, मग वळली. "माझ्या नवऱ्याला एकदा हळद लागलीय, बाई. पुन्यांदा कशाला?"



बुधाजीनं दगड सोडवून हळकुंड काढलं, सांधा नव्यानं भरला. कार्यक्रम महिनाभर पुढे गेला. पोहे मात्र त्याच दिवशी संपले.

पुढल्या खेपेला माणसं आली तीस. बुधाजी खाली उभा राहिला. उमाबाई चालत गेल्या आणि, कुणी न बोलावता, त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"अगं उमा..." सर म्हणाले.

भागूबाईनं हातोडा उचलला. "डोळं मिटू नका, बाई. वर बगा."

पाचर सुटली. कमान केसभर खाली बसली, दगडावर दगड आवळल्याचा बारीक आवाज आला. उमाबाईंनी आपला खांदा चाचपून पाहिला. चुन्याचा कणही नाही.

लांबचे सत्तावीस मग एकेक करून जवळ आले. सर सगळ्यांत शेवटी.