नोव्हेंबरात नाहीशा होणाऱ्या उशा

अन्सेल्मो गेला तो ऐन थंडीत, जुलैमध्ये; पृथ्वीच्या त्या दक्षिण टोकाकडे हिवाळा जुलैत येतो आणि उन्हाळा डिसेंबरात. आणि घरामागच्या पोहण्याच्या टाकीचं पाणी उन्हाळ्याआधी कसं ठीक करायचं, ते कुणालाही न सांगता गेला. त्याच्या बायकोला, एलिदाला, दुःखाच्या जोडीला या गोष्टीचा रागही होता.

मुलगा फाब्रिसिओ आडपडदा ठेवणारा नव्हता. "आई, आठ डिसेंबरला पोरांना घेऊन येतो. तोवर पाणी निवळलं तर ठीक, नाहीतर मातीचा ट्रक सांगून ठेवलाय, तो बोलावतो आणि टाकी बुजवून टाकतो. तुला एकटीला झेपणार आहे का हे?"

आठ डिसेंबर म्हणजे मारियामातेचा सण. त्या दिवशी या घरातलं उन्हाळ्याचं पहिलं पोहणं व्हायचं, आणि पहिली उडी अन्सेल्मोची असायची. टाकी त्यानं स्वतःच्या हातांनी खणली होती. ती बुजवायची म्हणजे एलिदाला नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटत होतं.

तिनं हिवाळाभर साचलेलं हिरवं पाणी बेडकांसकट उपसलं आणि विहिरीचा पंप लावून टाकी नव्यानं भरली. पाणी कसं आरशासारखं होतं. तिनं क्लोरीन टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा येर्बाच्या पाल्याचा तपकिरी काढा झाला. घाण राहिली असेल म्हणून तिनं आणखी टाकलं; पाणी आणखी तपकिरी झालं. दुकानदार म्हणाला, अजून टाका. त्याचं काय जातंय?

आता मात्र रागाची जागा कुतूहलानं घेतली. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन पेले मांडले: एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात पावसाच्या पिंपातलं, तिसऱ्यात विकतच्या बाटलीतलं. प्रत्येकात क्लोरीनची चिमूट टाकली आणि येर्बाचा चहा, म्हणजे माते, पीत समोर बसून राहिली. दोन पेले तसेच राहिले. विहिरीचा तेवढा तपकिरी झाला, आणि त्याच्या बुडाशी फाटकाच्या बिजागरीवर असतो तसला गंज बसला. विहिरीच्या पाण्यात लोखंड होतं! दिसत नव्हतं, पण क्लोरीन पडताच गंज होऊन बाहेर येत होतं. म्हणजे तिनं घातलेलं क्लोरीन वाया गेलं नव्हतं. गंज गाळायचा तेवढा राहिला होता.

पण विहीर तीच, क्लोरीन तेच. मग अन्सेल्मो गाळायचा कशानं?

तिनं अवजारांची खोली धुंडाळली. गवत कापायच्या यंत्रामागे भोकं पाडलेली एक बादली सापडली. तिच्यात रबरी नळीचं तोंड खुपसलेली, गंजानं दगड झालेली एक उशी होती. उशीच्या कडेला तिनं स्वतः भरलेली निळी फुलं होती.

दर नोव्हेंबरात घरातली एक उशी नाहीशी व्हायची. कुत्र्यानं नेली, असं अन्सेल्मो सांगायचा. कुत्रा मेला, तरी उशा जातच राहिल्या. त्यावरून किती भांडणं झाली होती! एलिदा बादलीशेजारी बसून आधी हसली, मग रडली.

"चोरा," ती म्हणाली, "मागितली असतीस तर दिली असती."

नसती दिली. हे तिलाही ठाऊक होतं.

ती उशी आता कामातून गेली होती. दुसरी हवी होती. पलंगावर दोनच होत्या, दोन्ही लोकरीच्या. अन्सेल्मोच्या उशीला जुलैपासून तिनं हात लावला नव्हता, अभ्राही बदलला नव्हता. ती बराच वेळ पलंगाशी उभी राहिली. मग स्वतःची उशी उचलून बाहेर आली.

पंप टाकीतलं पाणी ओढून उशीतून परत टाकीत सोडत राहिला. उशी दिवसेंदिवस तांबडी होत गेली, पाणी निवळत गेलं. विहिरीचं पाणी अल्कधर्मी, तपासायच्या औषधाचा थेंब पडताच गडद किरमिजी व्हायचं. तिनं थोडं थोडं आम्ल घालून तो रंग फिका नारिंगी होईपर्यंत खाली आणला.

सणाच्या दिवशी फाब्रिसिओनं टाकीला चक्कर मारली. तळाची फरशी न् फरशी दिसत होती. टॉवेल आणायला तो आत गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"आई, तुझी उशी कुठाय?"

"कुत्र्यानं नेली."

"आपल्याकडे कुत्रा कुठाय? मग झोपतेस कशावर?"

"तुझ्या बापाच्या."

फाब्रिसिओनं खिशातून फोन काढला. ट्रकवाल्याला माती नको म्हणून सांगितलं.

पोरं काठावर ओळीनं उभी होती, पण पहिली उडी मारायला कुणी धजत नव्हतं. एलिदानं चपला काढल्या, नाक दाबलं आणि कपड्यांसकट उडी मारली.