रविवारच्या भाकरी

एल्के जर्मनीहून केदारखेड्याला माणसं शिकायला आली होती. विद्यापीठानंच धाडलं होतं: लोकांत राहा, त्यांच्या चालीरीती पाहा, लिहून आणा. मराठी ती पुण्यात शिकली होती, आणि राहायला उतरली कौसल्याकाकूकडे. आल्यापासून तिनं काकूला प्रश्नांनी भंडावून सोडलं होतं.

"काकू, रविवारी तुमच्यात काय रीत असते?"

खरी रीत कौसल्याच्या मनाला फार लागायची. रविवारी विहारात वंदना असे, आणि हिच्या भाकरी थापून होईस्तोवर ती निम्मी उरकलेली असे. लग्नापासून तिला एकदाही सुरुवातीपासून बसायला मिळालं नव्हतं. नवरा, अप्पाराव, तेवढा वेळ ओट्यावर मोबाईल बघत भाकरीची वाट पाही. तिला एकदम खोडी सुचली.

"आमच्यात रविवारी गडीमाणसं भाकरी करतेत," तिनं ठोकून दिलं. "बाया वंदनेला जातेत."

"छान! मग आणखी घरी विचारते. एकाचंच ऐकून लिहायचं नाही, असं आमच्या मॅडम सांगतात."

असलंही शास्त्र असतं हे कौसल्याला काय ठाऊक! ती परसातून धावत शेजारच्या नंदाबाईकडे गेली. पुढचं काम नंदाबाईच्या जिभेनं केलं. एल्के ज्या दारात जाई, तिथली बाई म्हणे, "बराबर हाय. पहिल्यापासूनच हाय."

"आता फक्त डोळ्यांनी पाहायचं राहिलं," एल्के म्हणाली.

रविवारी ती कॅमेरा घेऊन चुलीपुढंच बसली. "काका, रविवारच्या भाकरी तुम्हीच करता ना? करा सुरू." अप्पाराव चपापले. पण पाहुणीसमोर बायकोला खोटं पाडलं तर घराचीच अब्रू जाणार. निमूटपणे त्यांनी बाह्या सारल्या. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरीला कोपरे आले.

"काका, ही रीत कधीपासूनची?"

"आज्यापासून चालू हाय!" अप्पारावांनी छाती फुगवली, आणि हळूच बायकोकडं वळले. "अगं, पीठ कमी पडतंय, डबा कुठं ठिवलाय?"

पांढरी साडी नेसून निघालेली कौसल्या उंबऱ्यावरच थबकली. झालं, पोरीनं ओळखलं! एल्केनं तिच्याकडं पाहिलं आणि हसू ओठांत दाबलं.

"एका रविवारवरून लिहायचं नसतं, काका," ती गंभीरपणे म्हणाली. "मी वर्षभर आहे इथं. दर रविवारी बघणार."

अप्पारावांच्या हातातला उंडा परातीत पडला. ते दाराकडं बघून "अगं ऐक तर" म्हणाले, पण कौसल्या केव्हाच निघाली होती. त्या दिवशी विहारात ती सगळ्यांच्या आधी पोचली, आणि पुढच्या चटईवर बसली.