हैबतरावांच्या शेळीचा नकाशा

मी प्रिंटर बोलतोय. बोलतोय कसला, करकरतोय! बारीक सुया शाईच्या फितीवर आपटून कागदावर ठिपके उठवायचे, एवढंच मला येतं. १९८७ साली पौडच्या शेळीपालन संस्थेत आलो, तेव्हा माझी पूजा झाली आणि नारळाचं पाणी थेट माझ्या अंगावर उडालं. तरी मी चाललो.

मला चालवायची फहमिदा. संगणकात नोंदी भरण्याआधी ती त्यांचा आराखडा काढायची. एकेका तक्त्याचा, म्हणजे तिच्या भाषेत टेबलाचा, एकेक चौकोन, आणि कोण कुणाशी जोडलेलं ते सांगणारी रेघ. पडद्यावर तो निम्माच मावायचा, म्हणून मी छापायचो. माझी अक्षरं इंग्रजी. वर मराठी नावं ती पेनानं लिहायची.

"अध्यक्षसाहेब, हा टेबलांचा नकाशा."

"टेबल तर एकच हाय आपल्याकडं," हैबतराव म्हणाले, "त्याचाबी पाय लुळा!"

चौकोन तीन होते: मालक, शेळी, लस. हैबतराव सही करणार, तेवढ्यात रिहे गावाहून आलेल्या बायजाबाईनं मान पुढं काढली. हैबतरावांची शेळी तीच अर्धलीनं सांभाळायची. शेळी त्यांची, राबणूक हिची, करडं निम्मी निम्मी. मागल्या साली लस न मिळाल्यानं तिच्याकडची करडं दगावली होती.

"पोरी, लस टोचाया डागदर कुटं जाणार ते ह्यात हाय का?"

"मालकाच्या पत्त्यावर, मावशी."

"म्हंजी ह्या हैबतअण्णांच्या माडीवर! तितं अण्णांनाच सुई टोचणार व्हय?"

हैबतराव कान चोळत म्हणाले, "पण मालक मीच हाय ना?"

"हायसा की. फकस्त शेळीला ठावं न्हाई."

फहमिदानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! आमच्याबी शेळ्या मुठ्याला एकाकडं अर्धलीनंच हायेत, आन् मीच इसरले!"

तिनं चौथा चौकोन घातला, सांभाळणाऱ्याचा, आणि डॉक्टरांसाठी पत्ता त्यातच ठेवला. पानावर जागा पुरेना. शेळीपासून निघालेली माझी रेघ काठ ओलांडून दुसऱ्या पानावर गेली. दोन्ही पानं खळीनं चिकटवली.

"ह्यात मी कुटं?" बायजाबाईनं विचारलं. फहमिदानं तिचं बोट धरून चौथ्या चौकोनावर ठेवलं.

"एवढीशी खोली? असू दे. डागदराला घावली म्हंजी झालं."

हैबतरावांनी सही केली. त्या साली डॉक्टरांची जीप रिह्याला गेली आणि बायजाबाईच्या दावणीची सगळी करडं जगली.

आता नवा प्रिंटर आलाय, माझी फीत वाळलीय. खुशाल मोडीत काढा. पण नवा आराखडा छापण्याआधी एवढं विचारा, बाबांनो: शेळीचं दावं कुणाच्या हातात आहे?